मेजरचा रकाना तुमच्या मुलांना भरू द्या: अमेरिकेतल्या मराठी पालकांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या मराठी आईबाबांना,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट उजाडला की आपल्याकडच्या गप्पांचा विषय बदलतो. मंडळाच्या गणपतीची बैठक असो, मराठी शाळेबाहेरचं पार्किंग असो, नाहीतर नागपूरहून आलेला आजीचा फोन असो, बारावीतलं मूल ज्या घरात आहे त्या घराला एकच प्रश्न विचारला जातो: "मग, मेजर काय टाकताय?" मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय. १ ऑगस्टला कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांचा सामाईक अर्ज, नव्याने उघडतं, त्याच दिवशी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा (यूसीचा) फॉर्मही उघडतो, आणि पुढचे तीन-चार महिने 'इन्टेंडेड मेजर' या एका रकान्यावरून घराघरांत जेवढी झोप उडते तेवढी निबंधांवरूनही उडत नसेल.

मी एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत ॲकॅडमिक ॲडव्हायझर आहे. कुणाला प्रवेश द्यायचा, कुणाला नाही, याच्याशी माझा काही संबंध नाही. माझं काम मुलं आत आल्यावर सुरू होतं: कोणते कोर्स घ्यायचे, मेजर कधी जाहीर करायचं, ते बदलायचं झालं तर कसं. म्हणजे तुम्ही आज तो रकाना भरता आणि त्याचा परिणाम दोन वर्षांनी माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतो. त्या खुर्चीत आपली मराठी मुलं बघून बघून हे पत्र लिहायला घेतलं आहे. माझं म्हणणं थोडकं आहे. हा रकाना प्रवेश मिळवण्याचा डावपेच म्हणून भरू नका, आणि तो तुम्ही भरू नका. तो तुमच्या मुलाला किंवा मुलीला भरू द्या, प्रत्येक युनिव्हर्सिटीचा नियम नीट वाचून.

तुमची काळजी कुठून येते ते मला कळतं. तुमच्यापैकी पुष्कळांनी नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात बारावी दिली. पीसीएमचं ग्रुपिंग (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे एकत्र गुण) किती, त्यावर मेरिट लिस्टमध्ये नंबर कितवा, आणि त्या नंबराला सीओईपी की व्हीजेटीआय की वालचंद. नातेवाइकांचा वाद एवढाच, की कॉलेज मोठं घ्यावं की ब्रँच चांगली घ्यावी. तुला काय आवडतं हे विचारायला कुणाला सवड नव्हती, आणि विचारलं असतं तरी त्याला फॉर्मवर जागा नव्हती. मग मेकॅनिकल, प्रॉडक्शन, सिव्हिल करून तुम्ही प्रोग्रॅमिंग शिकलात, वायटूकेच्या, म्हणजे २००० सालच्या, आसपास इथे आलात आणि संसार उभे केलेत. त्या अनुभवातून 'आधी आत शिरा, पुढचं पुढे बघू' हे सूत्र मनात पक्कं बसलं. पण त्याच अनुभवात दुसरी एक गोष्ट आहे, जी तुम्ही मुलांना क्वचितच सांगता: पदवीवर छापलेल्या ब्रँचने तुमचं आयुष्य ठरलं नाही. मग मुलाच्या मेजरवरून त्याचं सगळं आयुष्य ठरणार आहे असा धसका आपण का घेतो?

आता मुख्य मुद्दा. रकाना सगळीकडे सारखा दिसतो, पण त्याचं वजन प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. एमआयटी मेजरनुसार प्रवेश देतच नाही. पहिलं वर्ष संपता संपता विद्यार्थी आपला विषय निवडतो. हार्वर्डमध्ये तो दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात जाहीर करायचा असतो. स्टॅनफर्डमध्ये दुसरं वर्ष संपेपर्यंत मुदत असते. अशा ठिकाणी फॉर्मवर लिहिलेलं मेजर म्हणजे ओळख करून देणं झालं, करार नव्हे. प्रिन्स्टनचा मुख्य प्रश्न एवढाच, की इंजिनिअरिंगची पदवी हवी की आर्ट्सची.

सरकारी युनिव्हर्सिट्यांत चित्र बदलतं, आणि आपली बहुतेक मुलं जातात तिथेच. यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसवर, म्हणजे यूसीएलएमध्ये, लेटर्स अँड सायन्स (कला-विज्ञान) कॉलेजात अर्ज तपासताना मेजर विचारात घेत नाहीत, पण त्याच यूसीएलएच्या इंजिनिअरिंगमध्ये आणि नर्सिंगमध्ये घेतात. एकाच कॅम्पसवर दोन नियम. यूसीच्याच बर्कली कॅम्पसची गोष्ट आणखी शिकण्यासारखी आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे लेटर्स अँड सायन्समध्ये कुठलाही विषय धरून आत जायचं, कम्प्युटर सायन्सचे तीन ठरलेले कोर्स करायचे, त्यात ३.३ जीपीए (४ पैकी सरासरी गुण) आणायचा आणि मेजर मिळवायचं, हा राजमार्ग होता. तो बंद झाला. २०२३ मध्ये बर्कलीने 'कम्प्युटिंग, डेटा सायन्स अँड सोसायटी' हे स्वतंत्र कॉलेज काढलं. कम्प्युटर सायन्स, डेटा सायन्स आणि स्टॅटिस्टिक्ससाठी आता अर्जातच नाव द्यावं लागतं. नंतर येणाऱ्यांसाठी जागा मोजक्याच असतात. म्हणून 'आमच्या भाच्याने २०१७ साली असंच केलं' या सल्ल्यावर आज कुणी मुलाचा फॉर्म भरत असेल तर पोटात गोळा येतो. भाच्याचं खरंच तसं झालं असेल. पण तो ज्या दारातून आत गेला ते दार आता तिथे नाही.

सिएटलची युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनही कम्प्युटर सायन्ससाठी बहुतेक मुलांना थेट बारावीनंतरच घेते. तिथे ते मेजर मिळालं नाही तर आत जाऊन मिळवू या भरवशावर येऊ नका, असंच त्यांचं सांगणं असतं. कार्नेगी मेलनमध्ये स्कूल ऑफ कम्प्युटर सायन्समध्ये बाहेरून शिरणं अतिशय अवघड आहे. टेक्सस ए अँड एमची तऱ्हा तिसरीच: इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांना पहिल्या वर्षी एकत्र शिकवतात आणि मग शाखा वाटतात. ३.७५ जीपीए असेल तर पहिली पसंती नक्की, नसेल तर स्पर्धा. पर्ड्यूमध्येही इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सामायिक असतं. मुलाला मेकॅनिकल की एरोस्पेस हे अजून ठरवता येत नसेल तर अशी व्यवस्था त्याच्या सोयीची. फक्त कम्प्युटर इंजिनिअरिंगच हवं असेल तर हीच व्यवस्था त्याला वर्षभर टांगणीला लावते. यातली कुठली पद्धत चांगली, कुठली वाईट, हा वाद मी घालत नाही. तुमचं मूल ज्या आठ-दहा ठिकाणी अर्ज करतंय त्यांतल्या प्रत्येकाचा नियम तुमच्या घरात कुणाला तरी माहीत असला पाहिजे, एवढंच म्हणते.

आता त्या खुर्चीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दुसऱ्या वर्षातला मुलगा, आईवडील मूळचे पश्चिम महाराष्ट्रातले. अर्जात स्टॅटिस्टिक्स टाकलं होतं, कारण पैसे देऊन नेमलेल्या सल्लागाराने सांगितलं होतं की कम्प्युटर सायन्सला गर्दी आहे, बाजूच्या विषयातून शिरा आणि मग वळा. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्यात चार सत्रांचा तक्ता होता, प्रत्येक ओळीला रंग. हिरवे कोर्स कम्प्युटर सायन्सच्या अर्जासाठी लागणारे, पिवळे स्टॅटिस्टिक्सचे. तीन सत्रं जवळजवळ सगळी हिरवी. पिवळे कोर्स 'नंतर' म्हणून ढकललेले. कम्प्युटर सायन्स डिपार्टमेंटने त्याचा अर्ज दोनदा नाकारला होता. आता स्टॅटिस्टिक्सची पदवी वेळेत पुरी करायची तर उरलेल्या प्रत्येक सत्रात गणिताचे तीन-तीन जड कोर्स, शिवाय एक उन्हाळा. शेवटच्या रांगेत एक राखाडी ओळ होती. मी विचारलं, हे काय? म्हणाला, भूगोल विभागाचा नकाशे आणि जीआयएसचा कोर्स आहे, सहज घेतला होता. त्यात त्याला ए प्लस होता. त्या कोर्सबद्दल तो दहा मिनिटं बोलला, नदीच्या पुराचे नकाशे कसे केले वगैरे, आणि त्या दहा मिनिटांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघून बोलायला सुरुवात केली. भूगोलाकडे वळायचा पर्याय अजून उघडा होता. "बाबांना काय सांगू?" हा त्याचा पुढचा प्रश्न.

हा एकच मुलगा असता तर मी पत्र लिहिलं नसतं. मागच्या दाराचा सल्ला देणारा सल्लागार ऑफर लेटर आलं की फी घेऊन मोकळा होतो. त्या मुलाची चार वर्षं कशी गेली हे त्याला कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट, जी पालकांना सहसा फार उशिरा कळते. फेर्पा नावाचा १९७४ चा संघराज्य कायदा आहे. मूल कॉलेजात दाखल झालं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याच्याकडे जातो, फी तुम्ही भरत असलात तरी. कितीतरी आया मला फोन करतात: "त्याने मेजर बदललं का हो? नुसतं हो की नाही एवढंच सांगा." मुलाने लेखी संमती दिलेली नसेल तर मला तेवढंही सांगता येत नाही. पलीकडे आईचा आवाज जड झालेला ऐकू येतो, मराठीतूनच बोलत असतो आम्ही, आणि तरी मी गप्प असते. अशा फोननंतर मला दर वेळी वाटतं, की बोलणं खुंटतं ते कॉलेजात नाही, ते आधीच खुंटलेलं असतं, त्या रकान्यापाशी. जे मेजर मुलाचं नव्हतं, ते सोडल्याचं तो घरी सांगणार तरी कसं?

डावपेच म्हणून भलताच विषय टाकण्यात आणखी एक खोट आहे. अर्ज वाचणारी माणसं दिवसभर तेच करतात. चार वर्षं रोबोटिक्स, शाळेतच एपी (कॉलेजच्या पातळीचं) कम्प्युटर सायन्स, उन्हाळ्यात कोडिंग कॅम्प, आणि मेजर क्लासिक्स, म्हणजे ग्रीक-लॅटिन? लॅटिनचा एक कोर्सही नाही? यूसीच्या अर्जात तर एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुण बघत नाहीत, शिफारसपत्रंही सहसा मागवत नाहीत. आठपैकी चार प्रश्न निवडून प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं द्यायची, आणि जोडीला शाळेतले कोर्स, गुण, उपक्रम. एवढ्या थोड्या सामग्रीत विसंगती लगेच डोळ्यांत भरते. आणि प्रत्येक कॅम्पसमागे ८० डॉलर भरून आपण ती पाठवतो.

डॉक्टर व्हायचंय म्हणून बायोलॉजीच टाकायची, हाही एक पक्का गैरसमज. 'प्री-मेड' हे बहुतेक ठिकाणी मेजर नसतंच. मेडिकल स्कूलला ठरावीक कोर्स लागतात, म्हणजे बायोलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री, आणि एमकॅटची परीक्षा. ते सांभाळून इतिहासात किंवा संगीतात मेजर केलेली मुलंही डॉक्टर होतात, आणि मानव्यविद्यांतून अर्ज करणाऱ्यांचं निवडीचं प्रमाण बायोलॉजीवाल्यांपेक्षा कमी नाही. नर्सिंग मात्र उलट. तिथे बऱ्याच ठिकाणी पहिल्या दिवसापासून त्याच कार्यक्रमात असावं लागतं, मागून शिरणं फार अवघड. हा फरक माहीत नसल्यामुळे रडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

'पण नोकरी?' असं तुम्ही म्हणाल, आणि तो प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांत नुकत्याच पदवीधर झालेल्यांमधली बेकारी कम्प्युटर सायन्सला ६.१ टक्के आणि कम्प्युटर इंजिनिअरिंगला ७.५ टक्के होती. कला-इतिहासाला ती ३ टक्क्यांच्या आसपास. त्याच तक्त्यात कम्प्युटर सायन्सवाल्यांचा सुरुवातीचा मध्यम पगार ८०,००० डॉलर, म्हणजे वरच्या थरातला. दोन्ही आकडे खरे आहेत. ज्याला तो विषय मनापासून आवडतो त्याने खुशाल घ्यावा, मी त्याच्या पाठीशी आहे. पण 'निदान नोकरीची खात्री' एवढ्या एका कारणावर जर नावडतं मेजर मुलाच्या गळ्यात घालत असाल, तर ती खात्री आज पूर्वीसारखी राहिलेली नाही.

व्हिसाची गोष्ट वेगळी, आणि इथे मी पालकांच्या बाजूने बोलणार आहे. ज्या घरात ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही आणि एच-४ व्हिसावरचं, म्हणजे पालकांच्या एच-१बी व्हिसाच्या आधाराने राहणारं, मूल २१ पूर्ण करताच तो आधार गमावणार आहे, त्या घरात मेजरचा प्रश्न नुसत्या आवडीचा नसतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेल्यावर पदवीनंतर १२ महिने काम करता येतं, आणि मेजर सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. अशा मुलांना मोघम 'पॅशन फॉलो कर' सांगणं मला पटत नाही. पण स्टेम म्हणजे फक्त कम्प्युटर असं समजू नका. ती यादी लांबलचक आहे. अर्थशास्त्राचंच घ्या: सर्वसाधारण अर्थशास्त्राचा सरकारी विषय-कोड ४५.०६०१ स्टेममध्ये बसत नाही, पण इकॉनोमेट्रिक्स आणि संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३ बसतो, आणि कित्येक युनिव्हर्सिट्यांनी आपलं मेजर या दुसऱ्या कोडखाली नेलं आहे. म्हणजे अर्थशास्त्र आवडणाऱ्या मुलीला ते सोडावं लागेलच असं नाही. कुठल्या ठिकाणी कुठला कोड, हे अर्ज करण्याआधी त्या डिपार्टमेंटला विचारावं लागेल.

ज्या मुलांचं अजून काहीच ठरलेलं नाही, त्यांनी 'अनडिसाइडेड' लिहिलं तर जगबुडी होत नाही. सतराव्या वर्षी ठरलेलं नसणं हे आळशीपणाचं लक्षण नव्हे. संघराज्याच्या शिक्षण आकडेवारी केंद्राने २०१७ मध्ये दाखवलं, की बॅचलर पदवीला मेजर जाहीर केलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तीन वर्षांच्या आत निदान एकदा ते बदलतात. गणित घेऊन सुरुवात करणाऱ्यांत तर निम्म्याहून अधिक, ५२ टक्के. फक्त एवढं बघा, की ज्या कॉलेजात हवा असलेला विषय नंतर मिळत नाही, तिथे अनडिसाइडेड लिहिणं म्हणजे तो विषय सोडण्यासारखंच आहे.

आणि काही वेळा मुलाला जे हवं असतं ते यादीत असतं, आपण तिथवर पोचलेलो नसतो. आमच्या गावातल्या एका मैत्रिणीची मुलगी मागे माझ्याकडे आली होती. कोडिंग चांगलं, पण जीव भाषांत. घरी आजीशी अहिराणी, शाळेत स्पॅनिश, यूट्यूबवरून कोरियन. "काकू, बाबा म्हणतात सीएस टाक आणि भाषा हौस म्हणून ठेव." आम्ही दोघींनी इलिनॉयच्या अर्बाना-शॅम्पेनची मेजरची यादी उघडली. तिथे कम्प्युटर सायन्सला दुसरा विषय जोडलेल्या पदव्याच आहेत: भाषाशास्त्र, मानववंशशास्त्र, संगीत, खगोलशास्त्र, पीकशास्त्रसुद्धा. ती भाषाशास्त्राच्या ओळीवर थांबली आणि आपल्या वडिलांना फोन लावून स्पीकरवर तो कोर्सचा आराखडा वाचून दाखवू लागली. वडिलांनी विचारलेले प्रश्न चांगले होते: गणित किती आहे, इंटर्नशिप कुठे मिळते. तिने सगळ्यांची उत्तरं स्वतः दिली. बाबांचं मन वळलं ते माझ्या बोलण्याने नाही. मुलीला काय हवंय ते तिला सांगता येतं, हे त्यांना दिसलं म्हणून.

मंडळांनाही एक विनंती आहे. दर उन्हाळ्यात 'कॉलेज ॲडमिशन' वर कार्यक्रम होतो आणि स्टेजवर नुकतीच नामांकित ठिकाणी लागलेली मुलं बसवली जातात. त्यांच्याबरोबर कॉलेजची दोन-तीन वर्षं काढलेलीही बोलवा, ज्यांनी मेजर बदललं ती, ज्यांना बदलता आलं नाही ती. आणि आईबाबांना मागच्या रांगेत बसवा.

घरी काय करायचं? मुलाला म्हणा, प्रत्येक कॉलेजच्या साइटवरचं मेजर बदलण्याच्या नियमांचं पान उघड आणि आम्हाला समजावून सांग. पान त्याने शोधायचं, तुम्ही नाही. सापडलं नाही तर त्या डिपार्टमेंटला ईमेल त्यानेच लिहायचं. मग त्या मेजरची पहिल्या दोन वर्षांची कोर्सची यादी एकत्र वाचा. त्यातले किती कोर्स त्याला खरंच करावेसे वाटतात, तेवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. 'शर्मांचा मुलगा' आणि 'आपल्या वेळी' हे दोन शब्दप्रयोग तेवढी संध्याकाळ बाजूला राहू द्यात. पैशांची मर्यादा असेल तर ती आकड्यासकट सांगा. मुलांना ती कळते, आणि न सांगता मेजरच्या आडून सुचवलेली मात्र कळत नाही.

अर्ली (लवकर निकाल देणाऱ्या) अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर आणि यूसीची नोव्हेंबरअखेर, म्हणजे वेळ आहे. मार्चच्या सुमारास निकाल आले की आणखी एकदा नीट वाचा: पत्रात मुलाला नेमक्या कुठल्या मेजरमध्ये घेतलंय? काही ठिकाणी प्रवेश मिळतो पण दुसऱ्या पसंतीत किंवा अनडिक्लेअर्ड, म्हणजे मेजर न ठरवता, आणि आनंदाच्या भरात ती ओळ वाचायची राहून जाते. १ मेला डिपॉझिट भरण्याआधी तिथल्या ॲडव्हायझिंग ऑफिसला फोन करून विचारा, की इथून हवं ते मेजर मिळवता येतं का, आणि गेल्या वर्षी कितींना मिळालं. फोन मुलाने करावा. आमच्याकडे एप्रिलमध्ये असे फोन फार थोडे येतात, आणि जे येतात त्यांना आम्ही खरं ते सांगतो.

आपली,
एका स्टेट युनिव्हर्सिटीतली मराठी ॲडव्हायझर